शर्ट खाणारी माती

लिहायला बसलो याबद्दल आधी माफी मागतो. मी लेखक नाही. पिरंगुटच्या एका गारमेंट कंपनीच्या लॅबमध्ये कापड फाटेपर्यंत ओढणं हे माझं काम होतं. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला, त्यामुळे चार ओळी लिहिल्या की कुणीतरी मागून येऊन चूक दाखवेल असं अजूनही वाटतं. पण ही गोष्ट माझ्याच चुकीची आहे. ती मीच सांगितलेली बरी.

२००७ ची दिवाळी जवळ आली होती. सकाळी लॅबचा फोन वाजला. पलीकडे पुंडलिकभाऊ होते, यवतमाळकडच्या माझ्या शेजारच्या गावचे शेतकरी.

"काहून बे, का लिहून पाठोलं तुवा? आमची माती फेल झाली म्हणते!"

"कोण म्हणतं, भाऊ?"

"तुमचा बायर म्हणते. तुह्याच कागदावर लाल शिक्का हाय म्हणे. तीन वर्स झाले, एक थेंब फवारला नाही आमी."

मी फाइल उघडली. शिक्का होता, आणि खाली सही माझी होती.

थोडं मागं जाऊन सांगतो. पुंडलिकभाऊ आणि त्यांच्यासोबतची अकरा घरं फवारणी आणि रासायनिक खत सोडून कापूस पिकवत होती. शेणखत, पालापाचोळा, कापसाच्या ओळींत तूर आणि चवळी. जमिनीत जीव परत आणणारी शेती. तेव्हा आम्ही तिला नुसतं ऑर्गॅनिक म्हणायचो. सर्टिफिकेट मिळायला तीन वर्षं लागतात, आणि हे त्यांचं तिसरं वर्ष होतं. आमचा परदेशी बायर, म्हणजे शर्ट विकत घेणारी कंपनी, हा कापूस घेणार होता. नाही घेतला, तर तो बाजारात साध्या कापसाच्या ढिगात जाणार, आणि अकरा घरं पुन्हा फवारणीकडे वळणार. भाऊ तसं स्पष्टच बोलले होते. "यंदा ह्या कापसाले कोनी इचारलं नाही, तर मी लोकायले थांबवू शकत नाही."

बायरनं मातीची एक चाचणी मागितली होती. सुती कापडाच्या पट्ट्या शेतात पुरायच्या, काही आठवड्यांनी काढायच्या आणि लॅबमध्ये ओढून बघायच्या. जिवंत मातीतले बारीक जीव सूत खातात. म्हणजे पट्टी जितकी कुजलेली, तितकी माती चांगली. भाऊंनी आपल्या शेतात आणि शेजारच्या फवारणीच्या शेतात पट्ट्या पुरल्या आणि पार्सलनं पाठवल्या.

आमच्या लॅबमध्ये फॉर्म एकच होता, शर्टाच्या कापडाचा. मशीनचे दोन जबडे कापड धरून ओढतात. ठरलेल्या ताकदीच्या आत फाटलं की फेल. त्या दिवशी टेबलावर नमुन्यांचा ढीग होता. भाऊंच्या पट्ट्या जबडा आवळतानाच हातात आल्या. मी फेलचा शिक्का मारला. फवारणीवाल्या पट्ट्या ताठ राहिल्या. त्यांना पास. संध्याकाळच्या मेलमध्ये सगळं बायरकडे गेलं.

भाऊंचा फोन ठेवल्यावर मी लॅबच्या मॅनेजर इनामदार मॅडमच्या समोर जाऊन उभा राहिलो आणि शिक्का उलटा पडल्याचं सांगितलं. त्यांनी रिपोर्ट दोनदा वाचला.

"तू शेतकऱ्याचा मुलगा ना रे?"

"हो मॅडम."

"आणि खाली अप्रूव्ड म्हणून मी सही केलीय. दोघंही शहाणी."

"दुसरा रिपोर्ट पाठवू?"

"आज फेल, उद्या पास? तुझं गाव तिकडचं आहे हे त्यांना माहीत आहे. म्हणतील, गाववाल्यांसाठी बदलला." त्यांनी फाइल मिटली. "डिसेंबरात मेनन येतोय इन्स्पेक्शनला. कागद नको. त्याला डोळ्यांनी दिसेल असं काहीतरी कर."

मेनन म्हणजे बायरचा भारतातला माणूस. त्याच्या शब्दावर मालाच्या गाड्या थांबायच्या.

मी पिरंगुटातच ढमाले मामांच्या खोलीत भाड्यानं राहत होतो. मामांची बरीचशी जमीन प्लॉटमध्ये गेली होती. उरलं होतं एक भातखाचर आणि गोठ्यामागचा, नुसत्या शेणखतावरचा भाजीचा वाफा. संध्याकाळी मी कंपनीतले दोन रिजेक्ट पांढरे शर्ट घेऊन गेलो आणि वाफ्यात एक पुरू का विचारलं.

"नवा शर्ट गाडतुयास? आरं, मला दे की, लग्नाला घालतो."

"मामा, कंपनीचं काम आहे."

"कंपनीला लई कामं दिसत्यात. गाड. पर वांग्याच्या मुळ्या तोडू नगं."

दुसरा शर्ट मी कंपनीच्या लॉनमध्ये पुरला. माळी दर आठवड्याला तिथं औषध मारायचा. दोन्ही खड्डे सारखेच खोल घेतले. दीड महिना मी रोज त्या वाफ्याजवळून गेलो आणि एकदाही उकरलं नाही. हे सोपं नव्हतं.

मेनन आला तेव्हा इस्त्रीची पँट, चकचकीत बूट. आधी लॉन. मामा सहज बघायला म्हणून आले होते, त्यांनीच कुदळ घेतली. शर्ट निघाला. मळका, पण अख्खा. मी बाही ओढून पाहिली, फाटली नाही. धुतला असता तर घालता आला असता.

मग गोठ्यामागं गेलो. मामांनी माती हातानं बाजूला केली. काळी, ओलसर, गांडुळांनी भरलेली. कापड कुठंच नव्हतं. मला वाटलं जागा चुकली. तेवढ्यात मामांच्या बोटाला दोरा लागला.

"हळू," मेनन म्हणाला, आणि तो गुडघ्यावर बसला. त्या पँटवर.

आम्ही तिघांनी मिळून ते उचललं. नुसती शिवण होती. खांद्याची रेघ, बाह्यांची गोल कड, खालची पट्टी. शिवणीचा दोरा पॉलिएस्टरचा, म्हणून तेवढाच राहिलेला. हवेत शर्टाचं चित्र काढावं तसं ते माझ्या हातांतून लोंबत होतं, आणि आतलं सगळं कापड मातीनं नेलं होतं. गळ्याशी लेबलही तसंच पॉलिएस्टरचं, शाबूत होतं. त्यावर छापलेलं, शंभर टक्के कॉटन. मी चार वर्षं टेक्स्टाइल शिकलो. कापूस मातीतून येतो एवढं मला पाठ होतं. तो असा परत जाताना मी कधी पाहिला नव्हता.

मामा मात्र मागं वळून कंपनीच्या भिंतीकडं बघत होते.

"ती लॉनची जागा," ते म्हणाले, "ती बी माझीच व्हती. ह्याच वाफ्याची माती. मधी बांध बी नव्हता."

मेननच्या पँटला माती लागली होती, ती त्यानं झटकली नाही. जरा वेळानं त्यानं हिंदीत विचारलं, "तो वो लाल ठप्पा...?"

"माझी चूक, सर. उलटा मारला."

तो हसला नाही. लेबल खिशात घातलं आणि म्हणाला, "लिखूँगा. डिसाइड वो लोग करेंगे."

त्या दिवशी मॅडमनी मातीच्या पट्ट्यांसाठी वेगळा फॉर्म बनवून घेतला. त्यात शिक्क्याला जागाच ठेवली नाही. शिक्का हातात असला की माणूस वाचत नाही, असं त्या म्हणाल्या. मी तेव्हापासून कुठल्याही नमुन्याला हात लावण्याआधी एवढं विचारतो, की हे कापड टिकायला हवंय की संपायला.

बायरचं उत्तर येईना. जानेवारी गेला. भाऊंचा कापूस एका वेगळ्या खोलीत भरून ठेवलेला, आणि लोक त्यांच्या दारात येऊन विचारायला लागलेले. मी फोन करायला घाबरत होतो.

फेब्रुवारीत एका दुपारी फोन त्यांचाच आला. मागं ट्रकचं इंजिन चालू होतं, त्यामुळे ते ओरडून बोलत होते.

"गाडी भरली बे! पुरा कापूस घेतला त्यायनं. कोनाच्या ढिगात नाही गेला, एकटा चालला."