चाचांच्या आज्याची रोटी

लातूर नवा जिल्हा झाला त्या दुष्काळात आमच्या कचेरीमागे चाचांची पावभट्टी होती. गिऱ्हाईक कुणीही असो, चाचा आधी पाण्याचा गिलास पुढे करत, मग पाव.

पाव निघाले की उरलेल्या धगीवर ते ज्वारीच्या जाड रोट्या ठेवत. त्यांचे आजे बैलगाडीने हैदराबादला जाताना असल्या कडक रोट्या बांधून नेत. कृती सांगणारं मात्र कुणी उरलं नव्हतं. चाचा रोटी ओट्यावर आपटून कान देत. "न्हाई, अजून वली हाय," म्हणत पुन्हा भट्टीत सारत. नजर सारखी रस्त्याकडे, टँकर आला का बघायला.

"एवढ्या रोट्या कशाला, चाचा?"

"गाव सोडायची येळ आली तर? ह्या लई दिवस टिकत्यात, भाऊ."

एका दुपारी रोटी कौलासारखी खणखणली. चाचा खुलले. मी तुकडा तोडायला गेलो, दात हलायची वेळ आली.

"आसं न्हाई. आजा नदी लागली की भिजवून खायचा."

एवढं बोलून चाचांनी रस्त्याकडे पाहिलं; टँकर आलाच नव्हता, नदी तर कधीच आटली होती. माझ्या हातातली रोटी काढून घेतली, फडक्यात बांधली.

त्या दिवशी चाचांनी मला पाणी विचारलं नाही.