रॉकेलच्या रांगेतली मारामारी

मी आयुष्यात एकाच माणसाचं डोकं फोडलं आहे, तेही रॉकेलच्या डब्याने. डबा रिकामा होता म्हणून तो वाचला.

पेट्रोलचे भाव भडकले त्या दिवसांतली गोष्ट. गोरगरिबांचे स्टोव्ह पेटावेत म्हणून सरकारने रॉकेलवरचा कर कमी ठेवलेला, पेट्रोलवर मात्र भरमसाट. मग व्हायचं तेच झालं. रिक्षावाले रॉकेल जाळू लागले. गाडी पेट्रोलवर सुरू करायची आणि इंजिन तापलं की कॉक फिरवून रॉकेलवर न्यायची. सोलापूरचे रस्ते पांढऱ्या धुराने भरले आणि आमचे स्टोव्ह विझले.

घरात मुलगी तापाने फणफणत होती. दोन दिवस तिच्या पोटात गरम घोटभर काही गेलं नव्हतं. शेजारी मागावं तर त्यांचेही स्टोव्ह कोरडे. तिसऱ्या दिवशी सकाळपासून मी रेशन दुकानासमोर रांगेत उभी. दुपारी दुकानदाराने हात झटकले, संपलं म्हणाला. तेवढ्यात मागच्या दाराने एक रिक्षावाला भरलेला कॅन घेऊन निघाला.

पुढचं मला तुटक आठवतं. माझ्या डब्याचा पहिला फटका त्याच्या खांद्यावर बसला, दुसरा कपाळावर, आणि पत्र्याची कड आत घुसली. रांगेतल्या तेलुगू विणकरांच्या बायका आपल्या भाषेत शिव्या घालत धावल्या. कुणी त्याचे केस धरले, कुणी चपलेने तोंड फोडलं. कॅन उलटला. रॉकेल रस्त्यावर वाहिलं आणि त्यात त्याचं रक्त. मला वाईट वाटलं ते रॉकेल सांडल्याचं.

तो उठेना तेव्हा बायका पांगल्या. माझा थोरला भाऊही रिक्षाच चालवायचा. गलका ऐकून तो नाक्यावरून आला आणि आम्ही दोघांनी त्या माणसाला उचलून रिक्षात घातलं. दवाखान्याच्या वाटेवर मी माझा पदर त्याच्या कपाळावर दाबून धरला होता. चौक ओलांडला तसा दादाने खाली हात घालून कॉक फिरवला. मागे पांढरा धूर उठला आणि रॉकेलचा वास आला.

जखमी माणसाने एक डोळा उघडला.

"ताई," तो म्हणाला, "आता ह्येच्या बी डोक्यात घाला की."

मी पायाशी पडलेला डबा उचललाही. दादाने आरशात पाहिलं.

"तुज्या दुकानातलं न्हाय हे," तो म्हणाला. "पल्याडच्या पेठेतलं हाय."

पल्याडच्या पेठेतही बायका रांगेत उभ्या असणार, त्यांच्याही घरी कुणी आजारी असणार. हे मला तेव्हाच कळलं होतं. तरी मी डबा खाली ठेवला. परक्याचं डोकं मी विचार न करता फोडलं होतं.

संध्याकाळी दादा रॉकेलची बाटली घेऊन दारात आला. मी स्टोव्ह पेटवला, पेज उकळली. मुलीने वाटी चाटूनपुसून संपवली. ते रॉकेल कुठल्या दुकानातलं, हे मी त्याला विचारलं नाही.