कापलेल्या स्ट्रिपमधल्या दोन गोळ्या

“तुमचा दमा पेनकिलरने भडकतो,” ॲलर्जीच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणि मला पहिल्यांदा किळस आली ती आमच्या गोळ्यांच्या डब्याची.

असा बिस्किटांचा जुना डबा इथे अमेरिकेत, ईडन प्रेरीतल्या बहुतेक मराठी घरांत असतो. भारतातून कोणी आलं की औषधं मागवायची आणि स्ट्रिपा कात्रीने कापून एकमेकींत वाटायच्या. नाव निम्मं एकीकडे, निम्मं दुसरीकडे. मग ओळखायचं रंगावरून. पांढरी तापाची, नारिंगी दुखण्याची.

हिवाळ्यात बर्फ उपसताना माझी कंबर धरली. शेजारच्या शैलाकाकूंनी प्रेमाने दोन नारिंगी गोळ्या दिल्या. “घे गं, साधी आहे, मी नेहमी घेते,” म्हणाल्या.

तासाभरात नाक गळायला लागलं, छातीत शिट्ट्या वाजू लागल्या. नवऱ्याने ॲम्ब्युलन्स बोलावली. इमर्जन्सीतल्या डॉक्टरांना त्याने कापलेली स्ट्रिप दाखवली. त्यांनी ती उलटसुलट पाहिली. “यावर नाव कुठे आहे?” ऑक्सिजनच्या मास्कखाली जीव घुसमटत होता, तरी मला लाजेने मेल्याहून मेल्यासारखं झालं. काकूंना फोन करून उरलेली अर्धी स्ट्रिप वाचून घेतली, तेव्हा कळलं, आयबुप्रोफेन.

आयबुप्रोफेन, ॲस्पिरिन ही अँटी-इन्फ्लमेटरी, म्हणजे सूज उतरवणारी औषधं. काही दमेकऱ्यांच्या शरीरात या औषधांमुळे ल्युकोट्राइन्स नावाची रसायनं वाढतात आणि श्वासनलिकेभोवतीचा स्नायू पिळलेल्या फडक्यासारखा आवळतो. आत चिकट कफ साचतो. नाकातले पॉलिप्स, म्हणजे मऊ गाठी, आणि वास न येणं हेही त्याच आजारातलं. मला कित्येक वर्षं वास येत नव्हता. इथली हवा कोरडी, वाफ घे, हळद घे, असं ज्याने त्याने सांगितलं. त्या फुकटच्या डॉक्टरकीचा मला वीट आलाय.

तुम्हाला दमा असेल आणि नाक सदा चोंदत असेल, तर कोणती पेनकिलर चालेल ते आपल्या डॉक्टरांना विचारा. काकूंना नको.

पॉलिप्सचं ऑपरेशन झालं. बरी झाल्यावर डब्यातल्या सगळ्या गोळ्या फार्मसीतल्या जुन्या औषधांच्या पेटीत टाकून आले. रिकाम्या डब्याकडेही बघवेना, म्हणून तो फेकायला गॅरेजमधला कचऱ्याचा बिन उघडला. आत कोळंबीची सालं कुजत होती. घाणेरडा भपकारा थेट नाकात शिरला.

झाकण हातातच राहिलं. मी आणखी एक खोल श्वास घेतला.