कल्याणकरांची रुतलेली होडी

आमच्या कळव्यात दिवाळी सरली की मिठागरांचं काम सुरू होईपर्यंत आट्यापाट्यांचा हंगाम असे. अडवणाऱ्यांचा हात लागू न देता सगळ्या पाट्या ओलांडून परतायचं, असा तो खेळ. एका वर्षी आमचा संघ एकही सामना हरला नव्हता. राहिला होता तो फक्त कल्याणकरांशी. मधल्या पाटीवर माझे थोरले मेहुणे उभे राहत. त्यांना हुलकावणी देऊन सुटणं भल्याभल्यांना जमत नसे.

सामन्याच्या दिवशी ओहोटी लागली आणि कल्याणकरांची होडी खाडीच्या चिखलात रुतली. वेळेवर न पोचणारा संघ हरला, असा नियम होता. आमच्यातला एकजण हसून म्हणाला, "बसू द्या तिकडंच. आपण जिंकलो!"

मेहुणे धोतर खोचत म्हणाले, "न खेळता जिंकलो, असं घरी सांगशील का रे? चला, आधी त्यांना भायेर कारू."

आम्ही नऊही जण मांडीभर चिखलात उतरलो. होडी काठाला लागेपर्यंत पायांत त्राण उरलं नाही. सामना आम्ही एका गुणाने हरलो. मेहुण्यांना चकवून तिघे सुटले, तेव्हा मला रडूच आलं.

खेळ संपल्यावर कल्याणकरांचा म्होरक्या पुढे आला. स्वतःचा तांबडा फेटा सोडून त्याने तो मेहुण्यांच्या डोक्याला बांधला. मेहुणे नवरदेवासारखे लाजले. घरी बहिणीने विचारलं, "जिंकलात ना?"

"हरलो," ते म्हणाले, आणि जेवायला बसले तरी फेटा काही उतरवला नाही.