'आला' म्हणजे कोण?

तुमच्या जवळच्या दवाखान्याच्या दारात कुणी "आला!" म्हणून ओरडलं, तर आतली माणसं स्ट्रेचर घेऊन धावतील की बादली? हसू नका. मी स्ट्रेचरवर पडून याचं उत्तर पाहिलंय.

दुष्काळाची वर्षं होती. आमचं शहर बीड बायपास रस्त्याच्याही पलीकडं पसरत होतं, इमारतींवर मजले चढत होते आणि नळ कोरडे. आईला दमा. बांधकामांच्या धुळीनं तिचा श्वास कोंडला की आम्ही तिला घराजवळच्या दवाखान्यातल्या तातडीच्या विभागात न्यायचो. तिथल्या मोठ्या सिस्टरांनी एकदा तालीम ठरवली: खोटा पेशंट आणायचा आणि कुठं अडतं ते बघायचं. पेशंट मी. हक्कांची पत्रकं वाचत वाढलेल्या मला घोषणा द्यायची सवय. त्या दिवशी नुसत्या धापा टाकायच्या होत्या.

स्ट्रेचर दारात पोचताच वॉचमनमामा ओरडले, "आलाऽऽ!"

आत एकच पळापळ. मी सुखावले. वॉर्डबॉय दोन बादल्या घेऊन माझ्या शेजारून गेला. मागून आयाबाई कळशी घेऊन. त्यांच्या मागं डॉक्टर, हातात कॅन.

"टँकर कुठाय?"

"कसला टँकर? पेशंट आलाय!"

"मंग तसं म्हणा की, मामा!"

"रोज नुसतं 'आला' म्हणलं की पळता. आज भाषण पायजे व्हय?"

डॉक्टर माझ्यावर वाकले. "ताई, धापा टाकताय का हसताय?"

"दोन्ही."

मग ऑक्सिजन शोधला. सिलिंडर पाण्यानं भरलेल्या पिंपांच्या मागं अडकला होता.

"सरकवा ना!" सिस्टर म्हणाल्या.

"पाणी सांडंल, सिस्टर."

"आणि हिचा जीव?"

माझं हसू तिथंच थांबलं. या स्ट्रेचरवर आई असती तर?

त्याच दिवशी पिंपं जिन्याखाली गेली. टँकरसाठी थाळी वाजवायची आणि पेशंटसाठी "पेशंट आला" असं पूर्ण ओरडायचं ठरलं. पुढच्या तालमीत मी धाप लागल्याचं सोंग करायच्या आत मास्क तोंडावर बसला.

"अहो, मी अजून सुरुवातच केली नाय!"

"गप पडा," आयाबाई म्हणाल्या.

तुमच्या दवाखान्यात जा आणि विचारा, अशी तालीम घेता का? पेशंट मिळत नाही म्हणाले, तर चप्पल काढा आणि स्वतः आडवे व्हा.