वरचं काढून खा

भाभींनी माझं केळं दोन बोटांच्या चिमटीत धरलं, कपकेकवरून उचललं आणि टिश्यू पेपरवर ठेवलं. मग परीक्षक बाईंच्या कानाशी वाकून म्हणाल्या, "वरचं काढून खा, मॅडम. ते हिच्या हातचं आहे. खालचा केक पूर्ण माझा."

मी टेबलाच्या त्याच बाजूला उभी होते. हातभर अंतरावर. मला ऐकू जाईल याची त्यांना फिकीर नव्हती. माझ्यापासून लपवावं असं त्यात काही आहे, हे त्यांच्या मनातही आलं नसेल.

परीक्षक बाई जळगावहून आल्या होत्या. क्षणापूर्वी तेच केळं पाहून त्या म्हणाल्या होत्या की इतकं हुबेहूब काम आज दुसऱ्या कुठल्या टेबलावर नाही. आता त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. केळं जिथे टेकलं होतं तिथलं क्रीम चमच्यानं बाजूला सारलं. फक्त तेवढंच. मग खालच्या केकचा एक घास खाल्ला, मान हलवली, कागदावर गुण लिहिले आणि पुढच्या टेबलाकडे गेल्या.

ते बाजूला सारलेलं क्रीम मी अजून विसरलेले नाही.

केळं साखरेचं होतं. फॉन्डंटचं. फॉन्डंट म्हणजे साखरेचा मऊ गोळा. कणकेसारखा मळायचा, रंग घालायचा, हवा तो आकार द्यायचा. काम भरभर करावं लागतं, उघडा राहिला की गोळा वाळतो आणि तडकतो. माझं माहेर बुऱ्हाणपूरजवळच्या डोईफोडिया गावचं. आईबाप दुसऱ्यांच्या केळीच्या बागेत घड वाहायला जायचे. त्यामुळे केळं करायला मला फोटो लागत नाही. अंगाला कडा हव्यात, देठाशी हिरवट रंग हवा, टोकाला काळा ठिपका. नवीन शिकणारीचं केळं चंद्रकोरीसारखं दिसतं. माझं केळं केळ्यासारखं दिसतं.

भाभी बुऱ्हाणपुरात शनवारा दरवाज्याजवळ राहतात. घरूनच केकच्या ऑर्डरी घेतात. मी त्यांच्याकडे आधी भांडी आणि फरशी करायला लागले. एके दिवशी वाढदिवसाच्या केकसाठी त्यांना हत्ती जमत नव्हता, सोंड सारखी गळून पडत होती. मी म्हटलं, मी बघू का? सोंडेत टूथपिक घालून हत्ती उभा केला. त्या दिवसापासून फॉन्डंट माझ्याकडे आलं. तीन वर्षं मी ते केलं.

मला याद्या करायची सवय आहे. घरात वाण्याची यादी, मुलीच्या शाळेची यादी, तशी प्रत्येक ऑर्डरचीही यादी मी वहीत करायचे. काय, किती, कधी, कोणी. 'कोणी'च्या खाली दरवेळी तेच असायचं. घोळ, म्हणजे केकचं भाजण्याआधीचं पातळ पीठ, भाभी. भाजणं, भाभी. क्रीम, भाभी. फॉन्डंट, मी. एकदा भाभींचा उजवा हात ओव्हनला भाजला. मी म्हटलं, आज घोळ मी करते. त्यांनी डाव्या हातानं केला. म्हणाल्या, "तू तुझं बघ. तुझा हात कलेचा आहे." मला इतका आनंद झाला की घरी जाऊन मी ते नवऱ्याला सांगितलं.

माझ्या मुलीनं तेव्हाच विचारलं होतं, "मम्मी, तू सिर्फ वरचंच का करते?" मी तिला गप्प केलं. म्हटलं, ज्याला जे येतं ते त्यानं करावं.

फॉन्डंट पुष्कळ लोक खात नाहीत. फार गोड लागतं. पार्टीत मुलं ते हातात घेऊन खेळतात, मोठी माणसं ताटलीच्या कडेला काढून ठेवतात. म्हणूनच ते माझ्याकडे होतं. जे तोंडात जायचं नाही, तिथे माझा हात चालत होता. फॉन्डंट मळताना भाभी मला प्लास्टिकचे हातमोजे घालायला लावायच्या. मी त्याला स्वच्छता समजले. त्या स्वतः घोळात उघडा हात घालायच्या, ते मी रोज पाहत होते आणि तरी मला दिसलं नाही. आम्ही दलित. हे भाभींना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. कामावर ठेवताना त्यांनी आडनाव विचारलं, माहेर विचारलं, आणि गावात घर कोणत्या बाजूला आहे तेही विचारलं. उत्तर ऐकून त्या चांगलंच बोलल्या होत्या. पण क्रीमच्या बरोबर वर एक रेघ मारली होती, आणि ती रेघ तीन वर्षं मीच सुबक अक्षरात वहीत लिहीत होते. यासाठी मला भाभींपेक्षा स्वतःचा जास्त राग आला.

स्पर्धा महिला मंडळाची होती, एका मंगल कार्यालयात. विषय होता 'आपलं बुऱ्हाणपूर'. जोडीनं भाग घेता येत होता आणि टेबलावरच्या कार्डावर दोघींची नावं लागणार होती. तीन वर्षांत मी भाभींकडे हे एकच मागितलं. नाव. मला पुढे घरून स्वतःच्या ऑर्डरी घ्यायच्या होत्या, आणि जिचं नाव कोणी ऐकलेलं नाही तिला ऑर्डर कोण देणार? भाभी लगेच म्हणाल्या, "लिही की." कार्ड माझ्या मुलीनं रंगीत पेननं लिहिलं. बारा कपकेक. चारांवर केळी, चारांवर कापसाची बोंडं, तिनांवर इथली मावा जलेबी, एकावर शनवाऱ्याचा दरवाजा. एकट्या दरवाज्याला दोन दिवस लागले. कमान वाळेपर्यंत तिला खालून कापसाचा आधार दिला होता.

परीक्षक बाई पुढे गेल्यावर मी टिश्यूवरच्या केळ्याकडे पाहत उभी राहिले. नंबर आमचा येणार हे हॉलमध्ये सगळ्यांना दिसत होतं. गप्प राहिले तर माझं नाव पुकारलं जाईल, हेही मला कळत होतं. त्यासाठीच तर आले होते.

मी केळं उचललं आणि खाल्लं. सगळं. मग टेबलाखालचा डबा काढला आणि एकेका कपकेकवरून माझं काम उतरवायला लागले. आधी केळी, मग बोंडं.

"हे काय करून राहिली तू? नंबर यायचा आहे."

"केक तुमचा आहे, भाभी. तो राहू द्या. हे माझं आहे."

"अगं, मी वाईट मनानं नाही बोलले. त्या बाहेरच्या. त्यांना सांगायला नको? मागून कळलं असतं तर?"

"काय कळलं असतं?"

भाभींनी इकडेतिकडे पाहिलं. शेजारच्या टेबलावरच्या दोघी आपल्या ताटल्या उगाच सरळ करायला लागल्या. एकीच्याही तोंडी जातीचा तो शब्द आला नाही. तोही मीच बोलावा अशी सगळ्यांची इच्छा होती.

जलेब्या निघाल्या. दरवाजा क्रीममध्ये घट्ट बसला होता. उचलताना त्याची कमान तुटली. मी दोन्ही तुकडे डब्यात ठेवले. मग कार्डावरचं माझं नाव पेननं खोडलं. ज्या केकवर माझा हात चालत नाही, त्यावर माझं नाव कशाला? टेबलावर बारा बोडके कपकेक राहिले. मागून कोणीतरी हसून म्हणालं की बाईला नंबर नको, नखरे हवेत. मी वळून पाहिलं नाही. वळले असते तर रडले असते.

घरी नवऱ्याला सांगितलं. तो पॉवरलूमवर काम करतो. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "गप राहिली असतीस तर नाव तरी लागलं असतं." तो वाईट माणूस नाही. गप राहून काय काय मिळतं आणि काय काय टळतं, याचा हिशोब त्याला लहानपणापासून पाठ आहे. मुलीनं डबा उघडला. तुटलेल्या कमानीचा तुकडा तोंडात टाकला. म्हणाली, "बहुत मीठा है, मम्मी." आणि रडायला लागली.

मला दुःख कशाचं झालं तेही लिहिते. नवरा दवाखान्यात होता तेव्हा भाभी स्वतः खिचडी घेऊन आल्या होत्या. दवाखान्याच्या बाकावर माझ्या शेजारी बसल्या होत्या. ती माया खोटी नव्हती. आम्ही त्यांच्या हातचं खाल्लं, पोटभर. पण तीन वर्षांत त्यांनी माझ्या हातचा पाण्याचा पेलाही घेतला नव्हता. त्या रात्रीच्या खिचडीची चव मला आता आठवत नाही.

दुसऱ्या दिवसापासून मी भाभींकडे गेले नाही. घोळ करायला शिकले. पहिले चार केक मध्ये खचले, पाचवा करपला. आता जमतो. ऑर्डरी येतात, बहुतेक आमच्याच वस्तीतून. भाभींच्या भागातली माणसं फोन करून विचारतात की फक्त वरचं करून देता का, केक आम्ही आमचा बघू. मी नाही म्हणते. भाभींचाही फोन आला. लग्नाचा मोठा केक होता. "तुझ्यासारखं कोणाला जमत नाही गं," म्हणाल्या. मी विचारलं, घोळही मी करू का? त्या लग्नाची तारीख सांगायला लागल्या. मग मीच फोन ठेवला.

या वर्षीच्या स्पर्धेचा अर्ज मी भरला आहे. एकटीच्या नावानं. घोळापासून वरपर्यंत सगळं मी करणार. हातमोजे सगळ्या घालणार असतील तर मीही घालीन. परीक्षकांनी माझा केक खाल्ला आणि नापास केला तर मी मान खाली घालून मान्य करीन. खाल्लाच नाही तर या वेळी डबा भरून घरी येणार नाही. टेबलापाशी उभी राहीन आणि कारण विचारीन. कानाशी वाकून नाही, माईकवर. तो शब्द मी बोलणार नाही. तो त्यांनी बोलायचा, सगळ्यांसमोर, आणि कागदावर लिहून खाली सही करायची. सही झाल्याशिवाय मी त्या हॉलमधून बाहेर पडणार नाही.