बारवेतून वर येणारं घमेलं

आमच्या घरात भूतखेत, बाहेरची बाधा असलं काही कधी चाललंच नाही. आजोबांनी धम्म घेतला तेव्हाच गंडेदोरे उकिरड्यावर गेले. मी स्वतः शाळेत विज्ञान शिकवते. त्यामुळं 'ताई, भास झाला असेल' असं कमेंटमध्ये लिहिणार असाल तर राहू द्या... ते मी रोज स्वतःलाच सांगते.

मुखेडपासून थोड्या अंतरावर माळाला एक जुनी बारव आहे आणि तिला लागून कडुनिंब-पळसाची झाडी. माझा थोरला भाऊ — आमचा दादा, एसटीत मेकॅनिक आहे — त्यानं गावातली माणसं जमवली. दर रविवारी सकाळी बारवेतला गाळ काढायचा आणि झाडीत लावलेल्या रोपांना घालायचा. पायऱ्यांवर माणसांची साखळी. सगळ्यात खाली दादा घमेलं भरणार, त्याच्या वरच्या पायरीवर मी, मग बाकीचे. खालून घ्यायचं, वर द्यायचं. खाली बघत बसलं की साखळी अडते आणि वरचे बोंबलतात.

त्या दिवशी ऊन लई चढलं होतं. मी आपली घमेली घेऊन राहिले होते, देऊन राहिले होते. तेवढ्यात काठावरून दादाचा आवाज आला, "सुनी, खाली कोण भरून राहिलंय गं?"

वर बघितलं तर दादा हातात चहाचा कप घेऊन उभा. पलीकडच्या पायऱ्यांनी केव्हाच वर गेला होता, कुणाला न सांगता. आणि माझ्या हातात भरलेलं घमेलं होतं... त्याची दुसरी कड कुणीतरी धरलेली.

खाली बघितलं. कुणी नव्हतं. पण कड सुटेना. "सोड की मेल्या," मी म्हणाले, तर असा हिसका बसला की मी खालीच घसरले. गंमत नव्हती ती. त्या ओढण्यात राग होता, मला नीट कळला. दादा धावत आला आणि मला बखोटीला धरून वर ओढलं. मुरगळलेलं मनगट अजून दुखतं.

गट त्याच दिवशी फुटला. तो गाळ घातलेली रोपं तर सगळी जळून गेली. मी दादाला म्हणाले, आता बास, घरात लहान लेकरं हायेत तुझी. "हाव," म्हणाला, आणि पुढच्या रविवारी एकटाच गेला. मग रोजच जायला लागला. ड्युटी बुडाली. वहिनी रडून रडून थकली. मला भयंकर संताप आला होता त्याचा.

मागच्या आठवड्यात त्याला हाताला धरून घरी आणायचंच म्हणून गेले. काठावरून वाकून बघितलं. दादा माझ्या पायरीवर उभा होता. खाली कुणी दिसत नव्हतं. तो हात खाली करायचा, भरलेलं घमेलं वर यायचं. ते बाजूला ओतायचा, परत हात खाली.

"दादा, घरी चल."

त्यानं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. "तू जा. मला यायला जमायचं न्हाई."

"का पण?"

"कुणीतरी घेत राहायला पाहिजे गं. मी थांबलो की ते एक पायरी वर येतंय."

मला ह्याचा अर्थ लागलेला नाही. कुणाला लागत असेल तर सांगा, पण मला शिकवायला येऊ नका. दादा आता जेवायलाही घरी येत नाही. वहिनी काठावर डबा ठेवते आणि मागं न बघता परत येते.